केंद्र क्रमांक नऊ

नोव्हेंबरात साखर कारखाना सुरू झाला की भालकीत मळीचा आंबूस गोड वास पसरतो. मार्च उलटेपर्यंत तो कपड्यांतून जात नाही. २०२३ साली त्याच वासात मी संस्थेच्या माडीवर काम सुरू केलं. खाली कार्यालय, वर पत्र्याची एक खोली, तिच्यात टेबल, पंखा आणि माझा संगणक. खिडकीतून बसस्टँडची मागची बाजू दिसायची आणि उदगीर, लातूर, औराद अशी हाळी दिवसभर ऐकू यायची.

संस्था मराठी शाळा चालवणारी. कर्नाटकातल्या सीमेवरच्या तालुक्यांत एके काळी तिच्या अकरा शाळा होत्या, आता चार उरल्यात. जुन्या विद्यार्थ्यांना दाखले लागतात; जातीच्या प्रमाणपत्राला, पेन्शनला, कशाकशाला. पण रजिस्टरं वाळवीनं खाल्लेली. कपाट उघडलं की मातीच निघायची. उरलं होतं ते एक यंत्र, गोदरेजच्या कपाटाएवढं, १९८९ साली हैदराबादहून आणलेलं आणि ९८च्या मे महिन्यात कायमचं बंद पडलेलं.

त्याच्या डिस्कवरचा मजकूर पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसानं महिनाभर खटपट करून उतरवून दिला. प्रश्न होता तो वाचायचा. नोंदी ज्या प्रोग्रॅमनं लिहिल्या त्यालाच उलगडत होत्या, आणि तो प्रोग्रॅम त्याच जातीच्या यंत्रावर चालायचा. यावर उपाय म्हणजे एम्युलेटर. माझ्या साध्या लिनक्सच्या संगणकात एक प्रोग्रॅम जुन्या यंत्राचं सोंग घेतो. सोंग इतकं हुबेहूब की आतल्या जुन्या प्रोग्रॅमला आपण लोखंडी कपाटात नसून दुसऱ्याच कुणाच्या पोटात आहोत, हे कळतच नाही. मी हैदराबादला बारा वर्षं हेच केलं. बँकांची, गिरण्यांची मेलेली यंत्रं अशी पुन्हा चालती केली.

आमच्या घरात अंगारे-धुपारे, नवस-सायास छप्पन्न सालापासून बंद. वडील निवृत्त शिक्षक. काहीही सांगायला गेलं की त्यांचा एकच प्रश्न, ‘मंगल, पुरावा?’ मी त्या प्रश्नावर वाढले. म्हणून पुढचं सगळं जसं घडलं तसं, क्रमानं लिहिते.

मूळ मजकुराच्या प्रतीला मी कुलूप लावलं. फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही. तिचा ठसा काढून वहीत उतरवला. ठसा म्हणजे त्यातल्या एकूण एक अक्षरावरून निघणारा लांबलचक आकडा; एक टिंब जरी बदललं तरी तो बदलतो. मग दुसऱ्या प्रतीवर काम चालू केलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. सहा हजार दोनशे बारा विद्यार्थी. खालचे कारकून शिवप्रसाद रोज अर्जांची यादी वर आणून देत आणि मी एकेकाची नोंद काढून देई. पंधरा दिवस असे गेले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी एक तपासणी लावली. संस्थेची दहावीची पूर्वपरीक्षा असायची, दर फेब्रुवारीत, सहा पेपरांची. ती पास झाल्याशिवाय बोर्डाला बसू देत नसत, आणि जास्तीत जास्त तीनदा बसता यायचं. तिनापेक्षा जास्त ओळी कुणाच्या नावावर असतील तर ती चूक. तसं कोणी आहे का, मी विचारलं.

एक नाव आलं. विजयश्री गुंडेराव. शाळा संतपूर. ओळी एकोणतीस.

पहिली ओळ ९५ सालची. मग ९६, ९७, ९८, ९९. त्यापुढे १००, १०१, १०२ असं करत शेवटची १२३. आकडे पाहून मला आधी हसू आलं. त्या काळचे कितीतरी प्रोग्रॅम वर्षं एकोणीसशेपासून मोजायचे. दोन हजार साल त्यांच्या लेखी शंभरावं. म्हणजे १२३ हे २०२३. मग हसू थांबलं. हे यंत्र अठ्ठ्याण्णवलाच बंद पडलं होतं. शंभरावं वर्ष त्यानं पाहिलंच नव्हतं.

बिघडलेल्या डिस्कवर कचरा असतो, पण कचऱ्याची बेरीज जुळत नाही. इथं प्रत्येक ओळीची बेरीज बरोबर होती. मराठीला एका साली ६१, पुढच्या साली ५८, मग ६४. कन्नड कायम चाळिशीत. विज्ञान हळूहळू सुधारलेलं. जणू कोणी दरवर्षी अभ्यास करून बसत होतं. एकच गोष्ट सगळ्या ओळींत सारखी होती. सहावा पेपर गणिताचा, आणि त्याच्यापुढे आकडा नव्हता. एबी. गैरहजर. एकोणतीस वेळा.

मी कुलूपबंद प्रत उघडून, पंधरा दिवसांत ओळखीच्या झालेल्या खुणांवरून, तिच्यातली कच्ची अक्षरं हातानं शोधली. तिथं विजयश्रीची एकच ओळ होती, ९५ची. ठसा वहीतल्याशी जुळला. दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या एम्युलेटरमध्ये तेच चालवलं. डिस्कवर एक, पडद्यावर एकोणतीस.

ते यंत्र नऊ वर्षं ज्यांनी चालवलं ते बसलिंगप्पा बाजारामागे राहत. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती. मी गेले तेव्हा ते ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते.

‘चाचणीची नोंद असंल,’ ते म्हणाले. ‘आमी खोटी नावं टाकून बघायचो.’

‘जन्मतारीख आहे अण्णा. वडिलांचं नाव आहे. संतपूरची शाळा आहे.’

त्यांचे हात थांबले. परातीतले दाणे त्यांनी उगाच एका बाजूला केले.

‘तेवढं एक ऱ्हाऊ द्या अक्का,’ ते म्हणाले. ‘बाकीचे सहा हजार हायत की.’

आठ दिवसांनी शिवप्रसाद यादी न घेताच वर आले. ‘मॅडम, संतपूरची म्हातारी आलीय. दरसाल जूनला येती, औंदा आताच आली. निकाल मागती. डोस्कं जागेवर न्हाई तिचं. वाटेला लावू का?’

तोवर ती जिन्यावर आलीच होती. सत्तरी ओलांडलेली, हाडकुळी बाई. काठाचं लुगडं, पायात प्लास्टिकच्या चपला, त्या तिनं उंबऱ्याबाहेर काढल्या. खुर्ची दिली तर बसली नाही. भिंतीला टेकून खाली बसली.

‘आमच्या गावच्या अमृतप्पाला दाखला भेटला,’ ती म्हणाली. ‘त्यो म्हणला, मशीन पुन्हा सुरू झालंय. म्हणून आले. माज्या लेकीचा निकाल पायजे.’

‘नाव काय मावशी?’

‘माजं राजूबाई. लेकीचं विजयश्री.’

मी शिवप्रसादांकडे पाहिलं नाही. ‘कोणत्या सालचा निकाल?’

‘कोणत्या म्हंजे? सगळ्याच सालचा. पोरगी दरसाल बसती आन् निकाल कुणी देत न्हाई. कामून देत न्हाईत, तूच सांग माय.’

शिवप्रसाद दारातून हळूच म्हणाले, ‘पोरगी जाऊन तीस वर्षं व्हायलीत, मॅडम. परीक्षेला जाताना जीप उलटली.’

राजूबाईंनी ते ऐकलं. ‘गेली ते मला ठाव हाय,’ त्या म्हणाल्या. ‘मीच आंघोळ घातली तिला. पर परीक्षा ऱ्हायली की तिची.’

शिवप्रसाद खाली निघून गेले. मग राजूबाईंनी जे सांगितलं ते त्यांनी शेतातल्या कामासारखं सांगितलं, आवाज न बदलता. दर फेब्रुवारीत सहा सकाळी घराची आतली कडी वाजते. त्या चुलीपुढे असतात. भाकरी आणि वरण डब्यात भरून त्या डबा मागे कोनाड्यात ठेवतात आणि पुन्हा तव्याकडे वळतात. थोड्या वेळानं कडी पुन्हा वाजते. वळून पाहिलं तर डबा नसतो.

‘दिसते का ती?’

‘मी बघत न्हाई. बघितलं की जाईल असं वाटतंय.’

संध्याकाळी डबा परत कोनाड्यात असतो, घासून पालथा घातलेला. पहिले पाच दिवस.

‘सहाव्या दिशीचा येत न्हाई,’ राजूबाई म्हणाल्या. ‘मग मी औरादच्या बाजारातनं नवा आणते. एकोणतीस डबे गेले माजे.’

खाली स्टँडवर उदगीरची गाडी लागली होती. माझा एक हात टेबलावर होता. तो मी उचलला तेव्हा लाकडावर घामाचा पंजा उमटलेला होता.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून एकेक साल मोठ्यानं वाचलं. प्रत्येक विषयाला त्या मान हलवायच्या. कन्नडच्या वेळी म्हणाल्या, ‘तितं कच्चीच हाय ती.’ गणिताला मी थांबले.

‘गैरहजर,’ मी म्हणाले. ‘दरवर्षी.’

‘डबा तर नेती,’ त्या म्हणाल्या. ‘मग जाती कुटं?’

त्या गेल्यावर मी प्रोग्रॅममधला प्रवेशपत्रांचा पडदा उघडला. आधी कधी गरज पडली नव्हती. कोणत्या विद्यार्थ्यानं कोणता पेपर कुठल्या केंद्रावर द्यायचा, ते तिथं होतं. विजयश्रीचे पाच पेपर केंद्र एकवर, म्हणजे संतपूरलाच, तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सहावा पेपर केंद्र नऊवर. नऊ म्हणजे मंठाळ. संतपूरहून भालकी, भालकीहून बसवकल्याण, त्याच्याही पुढे मंठाळ. त्या शाळेतल्या दुसऱ्या कोणालाही मंठाळ दिलेलं नव्हतं.

या वेळी बसलिंगप्पा ओट्यावर नव्हते. आत अंधाऱ्या खोलीत पलंगावर बसले होते. मी फक्त ‘केंद्र नऊ’ एवढंच म्हणाले.

‘हेडमास्तरांच्या हातचा तक्ता यायचा,’ ते म्हणाले. ‘मराठी एक आन् मराठी नऊ, घाईत लिहिलं की एकावाणीच दिसतंय. मी नऊ दाबला. हॉलतिकिटं छापल्यावर माज्या ध्यानात आलतं अक्का. पर मशीन एकटं तिकीट छापत न्हवतं. छापायचे तर सगळे सहाशे, दोन दिसाचं काम. म्हणलं, पोरगी इचारायला यील, तवा हातानं दुरुस्त करू.’

‘आली नाही?’

‘तिचा बाप शाळेत गेलता इचारायला. हेडमास्तर म्हणले, कॉम्प्युटरनं छापलंय, चुकंल कसं? मग काय. गुंडेरावनं भालकीपत्तर आणून कल्याणच्या जीपमधी बसिवलं. कल्याणला मावशी होती तिची, ती पुढं नेणार होती.’ ते थांबले. ‘तासाभरात जीप उलटली. गुंडेराव चार सालात खचून वारला. त्या बाईला ह्ये कुणीच सांगितलं न्हाई. मी बी न्हाई.’

मी सांगितलं. जानेवारीत संतपूरला जाऊन, त्यांच्या शेजारणीच्या, सावित्रम्माच्या ओसरीवर बसून. राजूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, ‘मग आता एक घालता येतंय व्हय?’

‘येतं.’

‘घाल माय. एकदा गणित दिलं की सुटंल ती. मी किती दिसाची? माज्यामागं तिला डबा कोण दील?’

चुकीची नोंद दुरुस्त करणं हे माझं कामच होतं, असं मी स्वतःला सांगितलं. दुरुस्तीचा पासवर्ड फक्त बसलिंगप्पांना ठाऊक होता. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, जिना चढताना दोनदा थांबले. माझ्या खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि एका बोटानं नऊ खोडून एक दाबला. ‘एवढंच होतं,’ ते म्हणाले आणि उठले.

फेब्रुवारीत मी एम्युलेटर बंदच केला नाही. आतलं वेळापत्रक आपोआप लागलं. पेपर साडेअकराला सुरू, अडीचला संपणार. पहिल्या दिवशी अडीचला पडद्यावर नवी ओळ आली, १२४ सालची, आणि मराठीपुढे ६३ उमटले. मी संगणकाची तार, नेटवर्क, सगळं तपासलं. बाहेरून काहीच येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कन्नड ४१. असे पाच दिवस.

सहाव्या दिवशी मी डबा आणूनही जेवले नाही. दोन वाजता गणिताची जागा रिकामी होती. पण एबी नव्हतं. अडीच वाजले. तिथं ४७ आले. खालच्या ओळीत पास, आणि त्यापुढे, नोंद बंद.

संध्याकाळी सावित्रम्माच्या फोनवरून राजूबाई बोलल्या. ‘डबा आला माय! घासून पालथा घालून ठिवलाय.’ त्या हसत होत्या. मागून सावित्रम्मा काहीतरी विचारत होती आणि त्या तिला सांगत होत्या, पास झाली, विजू पास झाली. मी घरी जाताना अर्धा किलो पेढे घेतले. वडिलांनी विचारलं कशाचे, तर ओळखीची एक मुलगी पास झाली म्हणाले. ते खोटं नव्हतं.

वर्ष गेलं. दाखल्यांचं काम चालूच होतं.

पुढच्या फेब्रुवारीत, वेळापत्रकाच्या तिसऱ्या दिवशी, राजूबाई माडीवर आल्या. चपला काढायचं विसरल्या.

‘कडी वाजली न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘तीन दिस झाले. डबा कोनाड्यातच ऱ्हातोय. वरण नासून जायलंय.’

‘ती पास झाली ना मावशी. सुटली.’

‘व्हय. मीच म्हणलते.’ त्या खाली बसल्या. ‘सालातनं सहा सकाळी होत्या माज्या,’ मग त्या म्हणाल्या. ‘तेवढ्यावर साल काढायचे मी. सुटंल म्हणलं, तवा मला काय वाटलं कुणास ठाव.’

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

‘तिला नापास कर माय.’

‘मावशी...’

‘नऊ घाल. पुन्हा नऊ घाल.’

मी प्रयत्न केला. त्यांच्यासमोरच केला. बंद नोंदीत प्रोग्रॅम दुरुस्ती घेईना. मागच्या साली वहीत उतरवून ठेवलेला बसलिंगप्पांचा पासवर्ड टाकला, तरी नाही. मग मी कुलूपबंद मूळ प्रत काढली, जिच्यात ९५ सालची एकच ओळ होती, गणिताला एबी असलेली. तीच पुन्हा एम्युलेटरमध्ये चढवू, म्हणजे सगळं पहिल्यासारखं होईल.

ओळ एकच होती. साल ९५च होतं. गणिताला ४७ होते.

मी ठसा काढून वहीतल्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. काहीही बदललेलं नव्हतं.

राजूबाईंनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. त्या उठल्या, पदर सारखा केला. दारात वळून त्यांनी विचारलं, ‘त्ये नऊ लंबरचं गाव, मंठाळ. तिकडं कसं जायचं गं?’

प्रश्न साधा होता. मी सांगितलं. भालकीहून कल्याणची जीप, तिथून पुढं मंठाळ.

सहाव्या दिवशी सकाळी नऊला सावित्रम्माचा फोन आला. राजूबाई घरात नव्हत्या. चूल लिंपलेली, अंथरूण घडी केलेलं, दाराला बाहेरून कडी. पहाटेच्या गाडीनं भालकीला गेल्या असं कुणीतरी म्हणालं.

मी माडीवरून धावत स्टँडवर गेले. पानपट्टीवाल्यानं त्यांना कल्याणच्या जीपमध्ये बसताना पाहिलं होतं. खिडकीशी, मांडीवर डबा. जीप गेली होती.

ती जीप कल्याणला वेळेवर पोचली. राजूबाई तिच्यात नव्हत्या.

ड्रायव्हर मला दुपारी भेटला. घाबरलेला होता. ‘अकरा माणसं बसिवली मॅडम, उतरली धाच. मधी गाडी कुटं थांबलीच न्हाई. म्हातारी डोळं मिटून बसलती, मी आरशात बघितलंय.’ पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं, विहिरी, ओढे पाहून झाले. काही मिळालं नाही.

चौथ्या दिवशी बसलिंगप्पा स्वतःहून माझ्या घरी आले. म्हणाले, मंठाळला जाऊ.

शाळा पंधरा वर्षांपूर्वी बंद झाली होती. इमारतीत आता सोयाबीनची आणि तुरीची पोती. राखणदार वीरण्णा म्हणाला, कापणीपासून कुलूप निघालेलं नाही. त्यानं ते काढलं तेव्हा गंजाची भुकटी खाली पडली.

चार खोल्यांत पोती होती. पाचवीत मोडके बाक एकावर एक रचलेले, आणि मधोमध एक सरळ मांडलेला. त्याच्यावर धूळ होती, खालीही होती. धुळीत कुणाचं पाऊल नव्हतं. बसलिंगप्पा दारातच उभे राहिले. आत आले नाहीत.

परतताना भालकीचा कारखाना दिसायला लागला तेव्हा ते म्हणाले, ‘अक्का, मी तिच्यापुढचा नऊ खोडला. मशीनमधल्या केंद्रांच्या यादीतला न्हाई. केंद्र तसंच चालू हाय.’

मी घरी न जाता माडीवर गेले. ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं.

त्या प्रोग्रॅममध्ये केंद्रवार अहवाल असतो. किती नोंदले, किती आले, किती उत्तरपत्रिका जमा झाल्या, एवढंच तो सांगतो. नावं देत नाही.

मी नऊ दाबला.

केंद्र नऊ, मंठाळ. साल १२५. विषय गणित. नोंदलेले एक. हजर एक. जमा उत्तरपत्रिका शून्य.

राजूबाईंना अक्षरओळख नव्हती.

संस्थेचं काम मार्चमध्ये संपलं. संगणक मी घरी आणलाय. वडिलांनी दोनदा विचारलं, आता हे कशाला चालू ठेवतेस. भालकीत दिवसातून दोनदा वीज जाते, म्हणून मोठी बॅटरी जोडली आहे. बंद केलं तर काय होईल ते मला माहीत नाही, आणि ते करून पाहायचं धाडस माझ्यात नाही.

रोज दुपारी अडीचला मी तो अहवाल काढते. आज जुलैची अकरा तारीख.

हजर एक. जमा शून्य. पेपर सुरू आहे.